साधं बिस्क्विक घ्यावं की कमी फॅटवालं? पॅनकेक, बिस्किटं, गुलाबजाम आणि बाकीचं

तुमचा प्रश्न असा की सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालंय, मुलांना रविवारी पॅनकेक लागतात आणि दिवाळीला बिस्क्विकचे (म्हणजे अमेरिकेत बॉक्समध्ये मिळणाऱ्या तयार पिठाच्या मिक्सचे) गुलाबजाम होतातच, तर नेहमीचा ओरिजनल बॉक्स सोडून हार्ट स्मार्ट म्हणजे कमी फॅटवाला आणावा का, आणि आणला तर जुन्या रेसिपीत तो तसाच घातला तर चालेल का. आधी उत्तर सांगून टाकते. पॅनकेकला बिनधास्त आणा. बिस्किटं (अमेरिकेतली, गरम मऊ पदरवाली) करत असाल तर ओरिजनलच बरा. आणि गुलाबजामला कुठलाही वापरलात तरी सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये त्याने काडीचाही फरक पडायचा नाही. आता का ते सांगते, थोडं लांबेल पण चहा घेऊन बसा.

मी न्यू जर्सीत घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते, त्याआधी एका बेकरीच्या किचनमध्ये काम केलंय. (आमच्या राज्यात घरी बेक करून विकायला परवानगीच २०२१ मध्ये मिळाली, सगळ्या राज्यांत शेवटी, पण तो विषय वेगळा.) ऑर्डरींना मी बॉक्समधलं मिक्स वापरत नाही, पण घरात वापरते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. सकाळी साडेसातला दोन मुलं स्कूलबसला सोडायचीत आणि पॅनकेकची फर्माईश आलीय अशा वेळी मैदा चाळत कोण बसतंय.

पहिल्यांदा हे समजून घ्या की बॉक्समध्ये असतं काय. मैदा, बेकिंग पावडरचं काम करणारी दोन-तीन रसायनं, मीठ, थोडी साखर किंवा डेक्स्ट्रोज, आणि फॅट. बस्स. यातलं फॅट सोडलं तर बाकी सगळं आपल्या घरात कधीही कोरडं पडलेलंच असतं, कोणीही मिसळून ठेवेल. या बॉक्सची सगळी करामत फॅटमध्ये आहे. १९३० ची गोष्ट आहे, बिस्क्विक बनवणाऱ्या जनरल मिल्स कंपनीचे कार्ल स्मिथ नावाचे सेल्सवाले ट्रेनने सॅन फ्रान्सिस्कोला चालले होते, जेवणाच्या डब्यात उशिरा पोचले तरी त्यांच्यापुढे गरमागरम ताजी बिस्किटं आली, त्यांना नवल वाटलं की एवढ्या पटकन कशी केली. तर आचाऱ्याने लार्ड म्हणजे डुकराची चरबी, मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ आधीच चोळून बर्फाच्या पेटीत ठेवलेलं, ऑर्डर आली की दूध घालायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. स्मिथनी ती आयडिया कंपनीत नेली, चार्ली क्रेस नावाच्या केमिस्टने फ्रीजशिवाय टिकेल असं फॅट त्यात बसवलं आणि १९३१ मध्ये बिस्क्विक दुकानात आलं. म्हणजे मैद्यात आधीच चोळलेलं आणि खराब न होणारं फॅट, हेच ते विकत होते. आता त्याच बॉक्समधून फॅट काढून घेतलं की काय उरतं याचा विचार करा, अर्धं उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडे हे कळायला सोपं आहे कारण आपण शंकरपाळ्याला, करंजीला मोहन घालतो. गरम तुपाचं मोहन पिठाला चोळलं, मुठीत धरून मुटका वळला, की आपल्याला कळतं खुसखुशीत होणार. मोहन कमी पडलं की शंकरपाळी दगड होतात, दाताखाली कडक आणि आतून चिवट. कारण फॅट पिठाच्या कणांवर चढतं, मग पाणी किंवा दूध पडलं तरी ग्लुटेनच्या (मैद्यातल्या चिवट प्रथिनाच्या) तारा लांब होत नाहीत. बिस्क्विकमध्येही अगदी हेच चाललेलं असतं, कमी फॅटचं मिक्स म्हणजे मोहन कमी घातलेलं पीठ. त्यामुळे ज्या पदार्थात मोहनाचं काम आहे तिथे फरक पडतो, ज्यात नाही तिथे पडत नाही, आणि ज्यात आपण वरून लोणी, क्रीम, अंडी घालणारच आहोत तिथे फरक पडतो की नाही हे विचारायचंही कारण नाही.

आता लेबल. इथे "रिड्यूस्ड फॅट" लिहायला सरकारी नियम आहे, ज्याच्याशी तुलना करताय त्या मूळ पदार्थापेक्षा फॅट निदान २५ टक्के कमी पाहिजे. "लो फॅट" वेगळं, त्यात नेमून दिलेल्या एका प्रमाणामागे ३ ग्रॅम किंवा त्याहून कमी. "फॅट फ्री" म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आत. बघा, रिड्यूस्ड हा शब्द फक्त तुलनेचा आहे, मूळ पदार्थ तुपात बुडालेला असेल तर त्यापेक्षा २५ टक्के कमी म्हणजे तोही बऱ्यापैकी बुडालेलाच. त्यामुळे पुढचा मोठा शब्द वाचून खूश होऊ नका, मागचा तक्ता वाचा. आणि दोन्ही बॉक्स हातात घेऊन वाचा, कारण या कंपन्या फॉर्म्युला बदलत राहतात, ओरिजनलमध्ये पूर्वी जे फॅट होतं ते आता नाही, म्हणून मी इथे आकडे देते ते हिशोब कसा करायचा हे दाखवायला, तुमच्या बॉक्सवरचे आकडे त्यात घाला.

समजा ओरिजनलवर एका सर्व्हिंगला ४.५ ग्रॅम फॅट आहे आणि कमी फॅटवाल्यावर २.५. सर्व्हिंग म्हणजे पाऊण-बिऊण नाही, तिसरा हिस्सा कप, ४० ग्रॅम कोरडं मिक्स. एका कपात अशा तीन सर्व्हिंग. म्हणजे एका कपामागे फरक ६ ग्रॅम. एक टीस्पून तेल साधारण साडेचार ग्रॅम भरतं. म्हणजे एवढा सगळा विचार आपण करतोय तो कपामागे सव्वा-दीड टीस्पून तेलासाठी! हा आकडा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे. कुठलीही जुनी रेसिपी कमी फॅटच्या मिक्सने करायची असेल आणि आधीसारखीच व्हायला हवी असेल तर दोन लेबलांची वजाबाकी, गुणिले तीन, तेवढं तेल किंवा तूप कपामागे घाला. मग तुम्ही म्हणाल की परत घालायचंच तर कमी फॅटचं आणलं कशाला. बरोबर आहे, पण त्याचं एक उत्तर आहे, खाली येतेच त्यावर.

पॅनकेकचं बघू. नेहमीचं माप दोन कप मिक्स, एक कप दूध, दोन अंडी. यात अंड्याच्या बलकात फॅट आहे, दुधात आहे, तव्यावर आपण लोणी किंवा तेल सोडतो, आणि पॅनकेक मऊ होतो तो मुख्यतः बॅटर पातळ असल्याने आणि बुडबुड्यांमुळे. मोहनाचं काम इथे फारसं नाही. म्हणून कमी फॅटच्या मिक्सचे पॅनकेक खाऊन मुलांना तर सोडाच पण मलाही डोळे झाकून ओळखता येईलच याची खात्री देत नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. एक, कमी फॅटचं पीठ जास्त पाणी पितं, बॅटर पाच मिनिटं ठेवलं की घट्ट होतं, तेव्हा चमचा-दोन चमचे दूध आणखी लागेल, बॉक्सवरचं माप त्याच्याप्रमाणेच घ्या, ओरिजनलचं माप याला लावू नका. दुसरं, फेटू नका. गुठळ्या राहू देत. फॅट कमी असलं की ग्लुटेन पटकन जोर धरतं आणि जास्त फेटलेला पॅनकेक थंड झाल्यावर रबरासारखा ओढावा लागतो.

पण खरी मजा हिशोबात आहे. दोन कप म्हणजे सहा सर्व्हिंग, कॅलरीत बघितलं तर दोन बॉक्समधला फरक एका सर्व्हिंगला साधारण दहाच्या आसपास असतो (फॅट काढलं की त्याच्या जागी मैदा, साखर येते ना, ती फुकट नसते), म्हणजे अख्ख्या घाण्याला साठेक कॅलरी वाचल्या. आणि एक टेबलस्पून लोणी? १०० कॅलरी, त्यात ११ ग्रॅम फॅट आणि त्यातलं ७ ग्रॅम सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारं. वरून लोण्याची एक वडी ठेवली की संपूर्ण घरादाराची बचत गेली, आणि मेपल सिरप पाव कप ओतलं तर २०० च्या वर कॅलरी नुसत्या साखरेच्या. तर सासूबाईंच्या ताटलीत काय बदलायचं हे बॉक्सवर नाही, टेबलावर ठरतं. केळ्याचे काप आणि थोडं दही द्या, त्यांना लोण्याची आठवणही यायची नाही. बरं आणि पुण्याच्या आजी आहेत, खरं तर त्यांना गोड पॅनकेकपेक्षा मिरची-कोथिंबीर-कांदा घातलेला तिखट जास्त आवडेल, त्यात साखर कमी असलेलं मिक्स बरं लागतं म्हणून लेबलवर साखरही बघून घ्या, कमी फॅटच्या मिक्समध्ये ती कधीकधी जास्त असते.

बिस्किटं. म्हणजे इथली, पार्ले-जी नव्हे, ती गरम मऊ पदर सुटणारी. माप सव्वादोन कप मिक्स, दोन तृतीयांश कप दूध, ४५० फॅरनहाइटला आठ-दहा मिनिटं. इथे फॅटशिवाय दुसरं काही नाही हो! मिक्स आणि दूध, संपलं. अंडं नाही, वरून लोणी नाही. म्हणून इथे फरक ओरडून सांगतो. कमी फॅटवाली बिस्किटं फुगतात नीट, वर येतात, पण आतून पावासारखी होतात, पदर सुटत नाहीत, वरून रंग फिका राहतो आणि संध्याकाळपर्यंत भुसभुशीत कोरडी. गरम असताना ठीक, पण बिस्किटं म्हटल्यावर चार जास्तच करतो आपण आणि दुसऱ्या दिवशीची कोणी खात नाही.

तरी कमी फॅटचंच मिक्स घरात असेल आणि करायचीच असतील तर असं करा. दुधाऐवजी ताक घ्या, आपलं पातळ ताक नव्हे, इथलं घट्ट बटरमिल्क, नाहीतर दही-दूध निम्मं-निम्मं. आंबटपणाने ग्लुटेन जरा नरम पडतं, आणि चवही येते. दोन कपाला एक टेबलस्पून लोणी फ्रीजरमध्ये ठेवून किसा आणि वरचेवर मिसळा, चोळू नका, ते किसलेले तुकडे ओव्हनमध्ये वितळले की तिथे पदर सुटतो. पीठ मळायचं नाही, आठ-दहा वेळा नुसतं दुमडायचं. वरून दूध ब्रशने लावा, रंग येतो. आणि एक मिनिट आधी बाहेर काढा, कमी फॅटच्या पदार्थाला ओव्हनमधलं ते शेवटचं मिनिट सोसत नाही. एवढं केलं तर बिस्किटं छान होतात आणि तरीही ओरिजनलपेक्षा फार जास्त फॅट होत नाही, फक्त ते लोण्याचं झालं, म्हणजे सॅच्युरेटेड, तर कोलेस्टेरॉलवाल्यांना त्यात फायदा शून्य. कॅनोला तेल एक टेबलस्पून दुधात फेटून घातलंत तर मऊ होतील पण पदर सुटणार नाहीत. दोन्ही एकदम मिळत नाही, निवडावं लागतं.

आता गुलाबजाम, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंत असं मला वाटतं. भारताबाहेरच्या आपल्या लोकांनी बिस्क्विकचा हा जो उपयोग शोधून काढला त्याला तोड नाही. खवा मिळत नव्हता, इंडियन स्टोअर दोन तास लांब, मग दुधाची पावडर आणि बिस्क्विक. यात मैदा आहे, सोड्याचं काम करणारं आहे, फॅट चोळलेलं आहे, म्हणजे गुलाबजामला खव्याशिवाय जे जे लागतं ते एकाच बॉक्समध्ये. माप बहुतेक घरांत हेच: दोन कप नॉनफॅट दुधाची पावडर, एक कप बिस्क्विक, आणि मळायला हेवी व्हिपिंग क्रीम, काही जणी दूध आणि थोडं वितळलेलं लोणी घेतात.

कुठला बॉक्स हे इथे मळताना काय घालता त्यावर आहे. क्रीमने मळत असाल तर एक कप हेवी क्रीममध्ये ८५ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. आता त्यात मिक्समधले ते ६ ग्रॅम इकडे काय आणि तिकडे काय! कुठलाही बॉक्स घ्या, जामुनाला कळणार नाही. पण दुधाने मळत असाल आणि मिक्स कमी फॅटचं असेल तर मग फॅट कुठूनच येत नाही, कारण पावडर नॉनफॅट, मिक्स कमी फॅट, दूधही दोन टक्केवालं. असे जामुन तळल्यावर दिसतात छान पण मध्ये गोटी राहते, पाक आतपर्यंत जात नाही आणि दुसऱ्या दिवशी दाबलं तर टेनिस बॉल. त्यात कपभर मिक्सला दोन टीस्पून साजूक तूप चोळा, आधी कोरडं मिक्स आणि पावडर एकत्र करून त्यात चोळा आणि मग दूध. सुटसुटीत ब्रेडक्रम्सारखं दिसायला लागलं की पुरे.

आणि जर इंडियन स्टोअरमधून फुल क्रीम दुधाची पावडर आणलीत तर तिच्यात चौथा हिस्सा फॅटच असतं, मग क्रीम वापरू नका, साधं दूध घ्या, नाहीतर जामुन तेलात सुटतात, अक्षरशः विरघळतात, आणि मग लोक बिस्क्विकला शिव्या देतात. इन्स्टंट दुधाची पावडर जाड दाणेदार येते ती मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या. पीठ मळायचं नाही, गोळा झाला की दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचा, तो घट्ट होतो, मग परत चमचाभर दूध लावून सैलसर करायचा, हाताला तूप लावून भेगा न राहता गोळे वळायचे. कमी फॅटच्या मिक्सच्या गोळ्यांना भेगा लवकर पडतात, म्हणून एका वेळी थोडेच वळा, बाकी ओल्या कपड्याखाली. तेल ३०० फॅरनहाइटच्या आसपास, मंद, गोळा टाकल्यावर आधी तळाशी बसला पाहिजे आणि हळूहळू वर आला पाहिजे, टाकल्या टाकल्या वर उसळला म्हणजे तेल जास्त तापलंय, बाहेरून चॉकलेटी आणि आतून कच्चा राहणार. पाक चिकट, तार नको, आणि गरम असताना पण उकळता नाही.

तर सासूबाईंचा हिशोब. एवढ्या मापात तीसेक जामुन सहज होतात. मिक्समधला फरक ६ ग्रॅम भागिले ३०, म्हणजे एका जामुनामागे पाव ग्रॅमही नाही. आणि तो जामुन तेलात तळलाय आणि साखरेच्या पाकात रात्रभर पोहलाय. तेव्हा दिवाळीत त्यांना एक जामुन द्या, मनापासून द्या, चांगला द्या, तिथे हार्ट स्मार्टचा बॉक्स दाखवून समाधान करून घेऊ नका. (तुम्हाला गिट्सचं पाकीट जवळच्या दुकानात मिळत असेल तर तेही काही वाईट नाही, ती आपल्या पुण्याचीच कंपनी, १९६३ पासूनची, सासूबाईंना घरचं वाटेल. पण बिस्क्विकच्या जामुनाला पोत वेगळा येतो हे खरं.)

बाकीचे पदार्थ पटापट. वॉफलला फॅट लागतंच, कुरकुरीतपणा आणि साच्याला न चिकटणं दोन्ही त्यावर आहे, रेसिपीत वरून दोन टेबलस्पून तेल सांगतात ते कमी फॅटच्या मिक्सला हात आखडून घालू नका. इम्पॉसिबल पाय म्हणजे अर्धा कप मिक्स, एक कप दूध, दोन अंडी आणि खाली भाजी-चीज, ते ४०० फॅरनहाइटला आपोआप खाली कवच धरतं, त्यात कुठलंही मिक्स चालतं कारण चीज आहे, आणि पालक-कांदा-लसूण घालून केलेला माझ्या मते या बॉक्सचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. मफिन आणि कॉफी केकला कमी फॅट चालतं, पण इथे एक चूक मी सारखी बघते, मिक्स कमी फॅटचं आणि वरून रेसिपीतलं तेल काढून त्याजागी ॲपलसॉस (शिजवलेल्या सफरचंदाचा गर). दोनदा कापू नका! ओरिजनल मिक्स आणि ॲपलसॉस, किंवा कमी फॅटचं मिक्स आणि तेल, यातलं एक. दोन्हीकडून कापलं की मफिन कागदाला चिकटतो आणि चावताना चुईंगम. शंकरपाळी कोणत्याच बिस्क्विकची करू नका. मोहनाच्या मानाने ओरिजनलमध्येही फॅट कमीच आहे आणि बेकिंग पावडरमुळे ती फुगून पाव होतात.

आता ते राहिलेलं उत्तर, परत तेल घालायचंच तर कमी फॅटचं का आणायचं. कोलेस्टेरॉलसाठी एकूण फॅटपेक्षा सॅच्युरेटेड फॅट किती हे जास्त महत्त्वाचं. ओरिजनलसारख्या मिक्समध्ये घट्ट राहणारं फॅट लागतं म्हणून पाम तेल येतं, ते बऱ्यापैकी सॅच्युरेटेड. हार्ट स्मार्टसारख्यांत कॅनोला, त्यात सॅच्युरेटेड फार थोडं. त्यामुळे कमी फॅटचं मिक्स आणून त्यात वरून कॅनोला किंवा शेंगदाण्याचं तेल घातलंत तर एकूण फॅट ओरिजनलएवढं झालं तरी जात वेगळी झाली, त्याला अर्थ आहे. तूप घातलंत तर नाही. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल कमी करायचंय त्यांना अमेरिकन हार्ट असोसिएशन दिवसाच्या कॅलरींच्या ६ टक्क्यांच्या आत सॅच्युरेटेड ठेवा सांगते, म्हणजे २००० कॅलरीला साधारण १३ ग्रॅम, आणि मघाच्या लोण्याच्या एका चमच्यात ७ होते. ट्रान्स फॅटची पूर्वी या मिक्समध्ये मोठी भानगड होती, हायड्रोजनेटेड (डालड्यासारखं घट्ट केलेलं) तेल असायचं, अर्ध्या ग्रॅमच्या आत असलं की लेबलवर शून्य लिहायची मुभा आणि सर्व्हिंग लहान ठेवली की शून्य दिसणार. त्या तेलांची मान्यता एफडीएने (अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने) २०१५ मध्ये काढून घेतली आणि २०१८ मध्ये ती बंद झाली, त्यामुळे पूर्वी ओरिजनल टाळायचं जे सगळ्यात मोठं कारण होतं ते आज उरलेलं नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे सल्ले वाचत असाल तर हे ध्यानात ठेवा.

फॅटच्या नादात मीठ मात्र कोणी बघत नाही. बेकिंग मिक्सच्या एका सर्व्हिंगला ३००-४०० मिलिग्रॅम सोडियम सहज असतं, मीठ आणि सोडा दोन्हीतून येतं, आणि खाताना आपण दोन सर्व्हिंग खातो. दिवसाची मर्यादा २३०० आहे. सासूबाईंना बीपीची गोळी चालू असेल (असते बहुतेक) तर मी फॅटच्या आधी हा आकडा बघेन.

आणि म्हणून माझं खरं मत विचाराल तर घरात दोन बॉक्स ठेवण्यापेक्षा एक डबा घरी करून ठेवा. एक कप मैदा, दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव ते अर्धा टीस्पून मीठ, एक टेबलस्पून तेल. तेल बोटांनी चोळून घ्या, मोहन चोळतो तसंच. हे साधारण ओरिजनलच्या जवळ जातं. कमी फॅटचं हवं तर तेल निम्मं. गुलाबजामला करायचं असेल तर तेलाऐवजी तूप. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेतली तर पॅनकेक खमंग लागतात, दूध थोडं जास्त लागेल. बॉक्सच्या जागी कपाला कप घाला. मीठ तुमच्या हातात, तेल कुठलं ते तुमच्या हातात, आणि स्वस्तही पडतं. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये महिना-दीड महिना छान राहतं, मी डब्यावर तारीख आणि "तेल" की "तूप" ते लिहून ठेवते.

दुकानातून आणताना आणखी एक, शाकाहारी असाल तर सगळ्याच मिक्सचं मागचं लेबल शेवटपर्यंत वाचा. जिफीच्या कॉर्न मफिन मिक्समध्ये बरीच वर्षं लार्ड असायचं, शाकाहारींसाठी त्यांनी वेगळा बॉक्स काढला होता. बिस्क्विकमध्ये वनस्पती तेलच आहे, पण दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं स्वस्त मिक्स उचलताना बघून घ्या.

उघडलेला बॉक्स ओट्यावर ठेवू नका, विशेषतः कमी फॅटवाला. कॅनोलासारखं पातळ तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं, वास घेऊन बघा, जुन्या चिवड्यासारखा वास आला की फेकून द्या. त्याहून महत्त्वाचं, महिनोन्‌महिने उघड्या राहिलेल्या पॅनकेक मिक्समध्ये डोळ्याला न दिसणारे माइट्स (बारीक किडे) होतात आणि ज्यांना धुळीची ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांना असं मिक्स खाऊन गंभीर रिॲक्शन आल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत, शिजवल्याने ते टळत नाही. तेव्हा पिशवीसकट हवाबंद डब्यात आणि फ्रीजमध्ये. फुगवण्याची ताकद शिल्लक आहे का बघायचं असेल तर चमचाभर मिक्स अर्ध्या वाटी गरम पाण्यात टाका, लगेच बुडबुडे आले तर वापरा, नुसतं पीठ तळाशी बसलं तर त्याचं पॅनकेक करायच्या भानगडीत पडू नका, ते भज्यांच्या पिठात थोडं-थोडं संपवा.

कपाचं माप इथलं २४० मिलिलिटरचं धरलंय, आपली पुण्याहून आणलेली वाटी त्याहून लहान असते, आणि मिक्स चमच्याने कपात भरून वर सुरीने सपाट करा, कप बॉक्समध्ये खुपसून दाबून भरलात तर २० टक्के जास्त येतं आणि मग कुठल्याही बॉक्सचे पॅनकेक कोरडेच होतात. तुमच्याकडच्या दोन्ही लेबलांवरचे फॅट, सॅच्युरेटेड आणि सोडियमचे आकडे इथे लिहिलेत तर गुलाबजामला नेमकं किती तूप घालायचं ते सांगते.